नाही म्हणायचा दिवस

विमल,

तू गेलीस तेव्हा आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. मला अर्धवट कामं आवडत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी 'उद्या पाहू' म्हणून तू पिशवी उचललीस, चप्पल पायात सरकवलीस आणि तांड्यावर घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता खाली बसलीस, ती उठली नाहीस. शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हा दोन वाक्यं बोलून मी बसले. तुझ्याशी मला बोलायचं नव्हतं, भांडायचं होतं, आणि ते सभेत बरं दिसलं नसतं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

ज्यांना आपलं काम माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगून टाकते. तू तेवढ्यात सुपारी कातरून घे.

पांढरकवड्याबाहेर, हैदराबादच्या रस्त्याला लागून, कापसाच्या एका जुन्या गोदामात आपलं केंद्र आहे. देशभरातून नर्सेस, लॅबवाले, पाण्याचे इंजिनीअर इथे येतात आणि इथून परदेशात, साथ आलेल्या गावांमध्ये कामाला जातात. अंगाला हात लागला तरी लागण होते असे ताप, नाहीतर पाण्यातून येणारी हगवण. लोक विचारतात, मोठी शहरं सोडून हे प्रशिक्षण इथे कशाला? उन्हासाठी. मे महिन्यात आपल्या त्या पत्र्याखाली डोक्यापासून पायापर्यंतचा सूट, दुहेरी हातमोजे, मास्क आणि चष्मा चढवून जो शुद्धीवर राहतो, तो जगात कुठेही राहतो. बाकी जिल्ह्याला ज्या उन्हाचा वैताग, ते आपलं भांडवल.

सूट चढवणं-उतरवणं माझ्याकडे. घालताना कुणी मरत नाही, काढताना मरतो. म्हणून एकजण काढणार आणि दुसरा समोर उभा राहून मोठ्याने एकेक पायरी सांगणार, चूक दिसली की 'थांब' म्हणणार. हे मी शिकवते. आणि तांड्याचा दिवस तुझा. आपण त्याला 'नाही म्हणायचा दिवस' म्हणायचो.

तुझी कल्पना ऐकून मी पहिल्यांदा हसले होते, हे मला आठवतं. तू म्हणालीस, "अवं सुनंदे, आपल्याकडे दारात आलेल्याले पानी देतेत. तिकडे बी देतेत. तिकडे पानी घ्याचं नाई, हात मिळवाचा नाई, जेवाले बसाचं नाई, लेकरू कडेवर घ्याचं नाई. घरच्या मानसाले राग न येऊ देता हे सारं कसं टाळाचं, ते तुहा सूट सांगते काय?"

मी म्हटलं, "सरळ सांगायचं, नियम आहे."

"सांग मंग माह्या याडीले, नियम हाय म्हनून. पाहू."

याडी म्हणजे तुझी आई. तुमच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, आणि तांडाच काय, आमचं अख्खं केंद्र तिला याडीच म्हणतं. प्रत्येक तुकडीला तू तांड्यावर न्यायचीस. घराघरात बायका तयार असायच्या. शिकणाऱ्याने दारात जायचं, आजाऱ्याची चौकशी करायची आणि काहीही न घेता, कुणाला हात न लावता परत यायचं. बायकांचं काम एकच, आग्रह. पहिल्या वर्षी त्या लाजायच्या. नंतर त्या इतक्या तयार झाल्या की मलाच घाम फुटायचा. कुणी डोळ्यात पाणी आणायची, कुणी 'आमच्या हातचं चालत नाई वाटते' म्हणून टोमणा मारायची, आणि ती याडीच्या शेजारची तर चक्क शिव्या द्यायची. संध्याकाळी परीक्षा. तीही तुझीच. प्रश्न एकच. तू प्रत्येकीला विचारायचीस, "उद्या हा पुन्हा आला त घरात घेशीन काय?"

त्या 'नाही' म्हणाल्या, तर नापास. ग्लासातलं घोटभर प्यायला, तरी नापास.

त्या एका पाणीवाल्याने याडीला क्लोरीनवर व्याख्यान दिलं होतं, आठवतं? किती लिटरला किती थेंब, उकळायचं किती वेळ. याडी ग्लास हातात धरून सगळं ऐकत राहिली आणि मग तुला म्हणाली, "याले पानी नको पोरी, याले फळा अन् खडू दे." तो नापास झाला. दुसऱ्या खेपेला बरोबर गेला.

तुझं शिकवणं मला तेव्हा फार मोघम वाटायचं. माझ्या सूटच्या पायऱ्या भिंतीवर लिहिलेल्या, तुझं काहीच लिहिलेलं नाही. आधी बस, म्हणायचीस. लांब बस, पण जमिनीवर बस. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव विचार. उजवा हात छातीवर ठेव. आणि नुसतं नको-नको करू नको, काहीतरी माग. "सारं नको म्हननारा मानूस कोनाले आवडत नाई. त्याले वाटते, हा आपल्याले कमी समजून राह्यला. सावली माग. सावली मागाले हातमोजे लागत नाईत."

तू हे पुस्तकातून काढलं नव्हतंस. तू स्वतः परदेशात कामावर होतीस, तेव्हा तिकडच्या एका गावातून आधीचं पथक दगड मारून हाकललं होतं. तू गेलीस, झाडाखाली बसलीस आणि दुभाष्याकरवी म्हणालीस, ऊन फार आहे, इथे थोडं बसू द्याल का? त्यांनी तुला बसायला बाजलंही आणून दिलं. त्याला तू हात लावला नाहीस, मातीतच बसून राहिलीस, आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी आजारी माणूस बाहेर आणला. हे तू मला बाजारातून वांगी आणल्यासारखं सांगितलंस.

मी तुला कितीदा विचारलं, "तू कधी प्यायलीस का गं तिकडचं पाणी? एखाद्या म्हातारीनं दिलेलं?"

"तुले काय वाटते?" म्हणायचीस आणि दुसरं काही काढायचीस. मला वाटतं, एकदा प्यायलीस. पण हा माझा अंदाज. उत्तर तू घेऊन गेलीस, आणि मी ते घेऊन जाऊ दिलंय.

आता माझं.

मला स्वतःला जायचं होतं, विमल. ही गोष्ट केंद्रातल्या नव्या लोकांना माहीत नाही. त्यांना वाटतं, मॅडमना शिकवायचीच आवड. माझा सूट कुणाहीपेक्षा पक्का होता, इंग्रजी बरं होतं, पोरगं मोठं झालं होतं, नवऱ्याने शेत सांभाळतो म्हटलं होतं. फक्त तांडा बाकी होता. मी सगळ्या घरी गेले, काही घेतलं नाही, कुठे हात लावला नाही. संध्याकाळी तू विचारलंस आणि याडी म्हणाली, "बाई चांगली हाय. पन इले घरात घेतलं त ही माह्या माठात डोकावून पाह्यन."

सगळा तांडा हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? मग लिंबाखाली तू मला बाजूला घेतलंस.

"सुनंदे, तू नाई जात."

"काहून?"

"तू तोंडानं 'नको माय' म्हनतं, अन् डोळ्यानं 'शी' म्हनतं."

"मी असं काही केलं नाही."

"तुले नाई दिसत. तिले दिसलं."

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. कामाचे निरोप शिपायाकरवी पाठवायचे. तू ते मुकाट्याने घेतलेस, आणि एके दिवशी माझ्या वर्गात शिकणाऱ्यांच्या रांगेत सूट घेऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "माहं काढनं कच्चं हाय. शिकव." परदेशात कितीतरी खेपा करून आलेली बाई सगळ्यांसमोर असं म्हणाली. मी तुला शिकवलं आणि जरा जास्तच वेळा 'थांब' म्हटलं. तेवढा सूड मला घेऊ दिलास.

त्या वेळी तू मला पाठवलं असतंस तर मी गेले असते, सगळे नियम पाळले असते आणि सुखरूप परतले असते. पण तिकडे एखाद्या आईने माझ्या डोळ्यांकडे पाहून तापलेलं लेकरू आतल्या खोलीत लपवलं असतं, आणि मला ते कळलंही नसतं. तोंडावर खरं सांगणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. तू सांगितलंस, आणि मी वर्षानुवर्षं इथे राहून जे काम केलं ते मला जमतं, हेही तूच आधी ओळखलंस. याबद्दल तुझे आभार मानायचे होते. आपण दोघी रोज एका डब्यातून जेवत होतो, त्यामुळे आज नाही तर उद्या मानू, असं वाटत राहिलं.

तर भांडण परागचं.

पराग कऱ्हाडकडचा, पाण्याचा इंजिनीअर, तिशीतला. काम उत्तम. त्याला तातडीने पाठवायचं होतं, कारण जिथे साथ होती तिथल्या विहिरी पाहायला माणूस नव्हता. सूटमध्ये त्याने माझ्याकडे एकही चूक केली नाही. तांड्यावर तर त्याने कमाल केली. जमिनीवर बसला, याडीला नाव विचारलं, तिच्या नातवाची शाळा विचारली, हात छातीवर ठेवून पाणी नाकारलं आणि तुझ्या सावलीच्या ऐवजी याडीला तिच्या बोलीतलं एक गाणं म्हणायला लावलं. मी लांबून पाहत होते. मलाही वाटलं, असा माणूस बऱ्याच दिवसांनी मिळाला.

आणि निघताना तो उठला, दोन पावलं पुढे आला, वाकला आणि याडीच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

घरचं वळण. आई-बापाने लहानपणापासून लावलेलं. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नाही. याडीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि शेजारचीने डोळ्यांना पदर लावला.

मी म्हटलं, "मेला."

संध्याकाळी तू विचारलंस, तेव्हा सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, याले रोज पाठवा. याडी म्हणाली, "याले कायले परदेशात धाडता? इथंच राहू द्या." तांड्याने इतक्या जोरात कुणालाच पास केलं नव्हतं. आणि मी नापास केलं होतं.

आपल्या दोघींचं एकमत झाल्याशिवाय कुणी विमानात बसायचं नाही, हा नियम आपणच केलेला. दुसऱ्या दिवशी दुपारभर आपण भांडलो. डबा तसाच राहिला.

"पोट्टा चांगला हाय, सुनंदे. एक चूक झाली."

"एकच लागते."

"त्याले सांगतलं ना आपन. आता नाई करन."

"त्याला माहीत होतंच, विमल. माहीत असून झालं. त्याचं डोकं शिकलंय, हात शिकला नाही."

"अन् तुह्या सूटवाल्यायचा हात शिकते, पन तोंड शिकत नाई. त्यायले पाठवतंच ना तू?"

"त्यांच्यामुळे कुणी मरत नाही."

"मरते." तू रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहत म्हणालीस. मग म्हणालीस, "याच्या हातातली माया काढून घेऊन याले पाठवाचं, का मायेसकट पाठवून जिवाची भीती घ्याची, हे मले बी नाई समजून राह्यलं. उद्या पाहू."

माझ्याकडे त्यावर उत्तर तयार होतं. आता आठवत नाही, काय होतं ते.

त्या उद्याला आम्ही सगळे तांड्यावर आलो. केंद्राची अख्खी तुकडी आली. तुला अंगणात ठेवलं होतं. लोक रांगेने येत होते, पायांना हात लावून पुढे जात होते. कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये म्हणून मी रांग पाहत होते. मला तेवढंच येतं, माणसं नीट रांगेत आहेत का ते पाहणं. परागची पाळी आली. तो वाकला. त्याचे हात तुझ्या पायांच्या वर वीतभर आले आणि तिथेच थांबले. काही क्षण तो तसाच वाकलेला राहिला. मग हात मागे घेतले, उजवा छातीवर ठेवला आणि तो बाजूला जमिनीवर बसला.

माझ्या मनात पहिला विचार आला तो कामाचाच होता, लपवत नाही. तुझ्या पायांशी जो हात थांबला, तो कुठेही थांबेल. आपलं भांडण मिटलं, आणि ते तुझ्यापुढेच मिटलं.

दुसरा विचार जरा मागून आला. एका धडधाकट माणसाला आपण असं शिकवलंय की त्याला आपल्या मेलेल्या शिक्षिकेच्या पायांना हात लावता येत नाही. तुला कसलाही संसर्ग नव्हता, हृदय बंद पडलं होतं. तिकडे ज्यांच्या घरातलं माणूस दगावतं, त्यांना आपली माणसं हेच सांगतात, की हात लावू नका. किती सहज सांगतात. मी किती सहज शिकवते. ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागत असेल, ते मला त्या अंगणात पहिल्यांदा लागलं.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "पराग, उठ. इथे चालतं."

"मॅडम?"

"इथे चालतं. कर नमस्कार."

त्याने केला. मग तो तिथून हलेना, तेव्हा मी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. मागे माणसं खोळंबली होती.

नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, आता मी पास की नापास?"

मी म्हटलं, "बॅग भर."

तुझ्या बाजूचं मत 'हो' असंच मी धरून घेतलं. नियम मोडला असं तुला वाटत असेल तर वाटू दे. पण एक सांगते, जोखमीचा निम्मा भार तू उचलायचीस, तो आता सगळा माझ्यावर आला आहे, आणि तो जड आहे. तू असताना मी ठामपणे 'नाही' म्हणू शकायचे, कारण समोर 'हो' म्हणणारी तू होतीस. आता एकाच तोंडाने दोन्ही म्हणावं लागतं. सूटच्या वर्गात हल्ली मी मधेच गप्प होते आणि मुलांना वाटतं, मॅडम काहीतरी विसरल्या. मी तुझ्या बाजूने काय बोललं जाईल, ते ऐकत असते.

पराग पोचला. कामाला लागला. त्याचे निरोप येतात, विहिरींचे, पंपांचे, तिथल्या उन्हाचे. ऊन काहीच नाही म्हणतो. मागच्या आठवड्यात मात्र वेगळा निरोप आला. ज्या विहिरीवर तो जातो तिथे एक म्हातारी रोज दारात बसलेली असते. तिच्या घरातले दोघे गेले. ती रोज दुभाष्याला विचारते, हा पोरगा इतका लांब का उभा राहतो, माझ्यात काय वाईट आहे, याला विचार. परागने लिहिलं होतं, 'मॅडम, तिच्या आणि माझ्या काळजीसाठी लांब उभा आहे, असं तिला सांगितलं. ती हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. विमलताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?'

मी उत्तर लिहायला घेतलं. नियमाप्रमाणे जे सांगायचं ते त्याने आधीच सांगितलं होतं. तेच दुसऱ्या शब्दांत लिहिलं आणि पुसलं. मग स्कूटी काढली आणि तांड्यावर गेले.

याडी ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होती. ती बारीक झालीय. पण माझ्याकडे पाहून लगेच म्हणाली, "आली व्हय, माठ पाहाले?"

मी खाली बसले. तिला निरोप वाचून दाखवला.

"कोन, तो पायावाला पोट्टा?" तिने विचारलं. "जेवते काय तिकडे बराबर?"

"जेवतो."

"अन् ती म्हातारी? तिच्या घरी कोनी हाय?"

"माहीत नाही. दोघं गेले म्हणतो."

याडीने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, मी हिच्याकडे यायला नको होतं, इतक्यात तर अजिबातच नको. उठावं म्हणून मी ओढणी सारखी केली.

तेव्हा ती म्हणाली, "त्याले सांगा, तिले असं म्हन. म्हनावं, तुह्यात काई वाईट नाई, माय. माही याडी घरी वाट पाहून राह्यली. मले तिच्याजवळ वापस जाचं हाय."

मी तिथेच बसून ते लिहिलं. मला सवय आहे, दुसऱ्याचं वाक्य नीट करून पाठवायची. हे केलं नाही. तिच्या शब्दांत, जसं होतं तसं पाठवलं.

याडी माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होती.

"गेलं काय?"

"गेलं."

"पोचलं?"

मी थोडं थांबले. निरोपाखाली दुसरी खूण उमटली.

"पोचलं, याडी."